एका पत्र्याखाली चार खासदार

२०२४ च्या लोकसभेचा निकाल लागला, शपथविधी झाला, बजेट पण होऊन गेलं, आता लिहायला हरकत नाही. ४ जूनला लिहिलं असतं तर इकडच्यांच्या पण शिव्या खाल्ल्या असत्या आणि तिकडच्यांच्या पण.

आधी आकडे सांगून टाकतो, आमच्या बेळगावात आकड्यांशिवाय वादाला मजा येत नाही. देशात ५४३ पैकी भाजपला २४०, म्हणजे २७२ ला बरेच कमी, मित्रपक्ष धरून एनडीए २९३. काँग्रेस ९९, इंडिया आघाडी मिळून २३४. कर्नाटकात २८ पैकी भाजप १७, काँग्रेस ९, जेडीएस २. बेळगावात भाजपचे जगदीश शेट्टर १,७८,४३७ मतांनी निवडून आले, काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर पडले. चिक्कोडीत बरोब्बर उलटं, काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळींनी भाजपच्या अण्णासाहेब जोल्लेंना ९०,८३४ मतांनी पाडलं. उत्तर कन्नड, म्हणजे आम्ही ज्याला अजून कारवारच म्हणतो, तिथं भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांविरुद्ध तीन लाखांच्या वर लीडने आले. आणि बेळगावात, हा मराठी पट्टा कर्नाटकातून महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला दहा हजार मतं पण पडली नाहीत.

ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण म्हणाला सीमाप्रश्न संपला, दुसरा म्हणाला मराठी माणूस विकला गेला, तिसऱ्याने ग्रुप सोडला, मग त्याला परत ॲड केलं. कारण २०२१ चा आकडा सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता. आमचे भाजपचे खासदार सुरेश अंगडी कोरोनात गेले, पोटनिवडणूक लागली, आणि समितीच्या शुभम शेळकेंना १,१७,१७४ मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी फक्त ५,२४० मतांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींच्या पुढे राहिल्या. म्हणजे समितीच्या मतांनी निकाल हलवला होता, बंगळूरपासून सगळ्यांनी दखल घेतली होती. (त्यातही डिपॉझिट गेलंच होतं बरं का, एक षष्ठांश मतं लागतात, सव्वा लाखाच्या आसपास मतं घेऊन डिपॉझिट घालवायचं हे लोकसभेतच होऊ शकतं.) मग तीन वर्षांत ते एक लाख लोक गेले कुठं?

कुठं जातील, इथंच आहेत. माझ्या शॉपमध्येच आहेत त्यातले काही.

उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट जॉबवर्कवर करतो, फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग करून परत जातं. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात भट्टी. कामाला माणसं आहेत ती चारी बाजूंची, हे मी मुद्दाम कधी बघितलं नव्हतं, ७ मे ला मतदानाची सुट्टी द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं. मी अनगोळचा, म्हणजे बेळगाव लोकसभा. टर्नर गोकाककडचा, घरात कानडी, माझ्याशी मराठी, मशीनशी कानडीत शिव्या, तो पण बेळगाव लोकसभा. एक पोरगा नंदगडचा, खानापूर तालुका, त्याचं मत कारवारला. एकजण कडोलीचा. कडोली म्हणजे बेळगावातून सायकल मारत जाण्याएवढी जवळ, गावात सगळा मराठी कारभार, साहित्य संमेलन भरवणारं गाव, खरं (आमच्याकडे 'पण' ला 'खरं' म्हणतात) विधानसभेला ते यमकनमर्डीत आणि त्यामुळे लोकसभेला चिक्कोडीत. आणि वेल्डर शिनोळीचा, तो रोज हद्द ओलांडून मोटरसायकलवर येतो, चंदगड तालुका, कोल्हापूर लोकसभा. चारी मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान होतं म्हणून बरं झालं, एकच सुट्टी दिली.

निकालाच्या दिवशी तसं काम बंद ठेवलं नव्हतं, ऑर्डर होती, खरं काम कोण करतंय. टूलच्या कपाटावर लॅपटॉप ठेवला. पहिलं भांडण चॅनलवरून. टर्नरला कन्नड चॅनल पाहिजे, वेल्डरला मराठी, शेवटी ठरलं की कन्नड चॅनल लॅपटॉपवर आणि मराठी त्याच्या मोबाईलवर, दोन्हीचा आवाज मोठा, वरून एक लेथ चालूच. अकरा वाजेपर्यंत 'चारशे पार' विषय संपला होता. माझा मावसभाऊ शेअरवाला, एक्झिट पोल बघून सोमवारी खरेदी करून बसलेला, मंगळवारी सेन्सेक्स चार हजारांच्या वर आपटला तेव्हा त्याचे फोन चालू झाले, त्याला कोण आलं कोण पडलं याचं काहीच नव्हतं, "फक्त सरकार होतंय का सांग" एवढंच. आमची मतमोजणी आर.पी.डी. कॉलेजात, मी त्याच कॉलेजात शिकलो, तिथं मला कधी एवढे पोलीस दिसले नव्हते.

संध्याकाळपर्यंत हिशोब लागला. शॉपमध्ये चार खासदार. दोन भाजपचे, शेट्टर आणि कागेरी. दोन काँग्रेसचे, प्रियांका जारकीहोळी आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती. वेल्डर सगळ्यात खूश होता, त्याचे महाराज आले होते आणि ते पण दीड लाखाच्या लीडने. नंदगडच्या पोराला मी विचारलं, तुझा खासदार कोण झाला रे?

"कागेरी का काय ते."

"बघितलाय कधी?"

"मी कुठं बघू मालक, ते शिरशीचे. निंबाळकर बाईंना बघितलंय, आमच्याच तालुक्याच्या आमदार होत्या की. चांगल्या आहेत बाई. खरं मत मोदींना दिलं."

मग मी विचारलं की विधानसभेला कुणाला देतोस. म्हणाला, समितीला. वर असं बघितलं माझ्याकडे की ह्यात विचारण्यासारखं काय आहे.

आमच्या सगळ्या आकड्यांची गोम इथंच आहे. समितीचा माणूस आणि मोदींचा मतदार हा एकच माणूस असतो, किंवा समितीचा माणूस आणि राज्यातल्या काँग्रेस सरकारच्या गॅरंटी योजनेतले महिना दोन हजार घेणाऱ्या घरातला माणूस एकच असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मराठी मतं एक गठ्ठा आहे आणि तो कुणीतरी चोरला. गठ्ठा वगैरे काही नाही. इथला माणूस निवडणूक बघून मत बदलतो. पंतप्रधान ठरवायचा असला की तो राष्ट्रीय पक्षाला देतो, आमदार ठरवायचा असला की त्याला १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची निषेध फेरी आठवते, सीमालढ्यात गेलेल्यांचा १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आठवतो, आजोबा आठवतात. २०२१ ला दिल्लीचं सरकार पणाला नव्हतं, एक जागा इकडे तिकडे झाली तरी काही फरक पडणार नव्हता, म्हणून लोकांनी मनातलं मत टाकलं. २०२४ ला परत पंतप्रधानाचा प्रश्न आला आणि परत राष्ट्रीय पक्ष. एवढं सरळ आहे. आता विधानसभेला तरी समिती येते का, तर तिथं पण २०१३ ला दोन आणि नंतर २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. त्याला समितीतल्या गटांच्या एकी-बेकीचा इतिहास आहे, आमच्याकडच्या पेपरात 'एकी' हा शब्द जेवढ्या वेळा हेडिंगला आलाय तेवढा क्रिकेट पण आला नसेल. त्यावर परत कधीतरी.

मला जे म्हणायचंय ते वेगळं आहे. मला वाटतं आम्ही हे पूर्ण उलटं धरून बसलोय. सीमाप्रश्न विधानसभेत सुटणारच नाही. बंगळूरच्या विधानसभेत आमचे पाच आमदार बसले काय आणि सात बसले काय, ते बोलतील, सभात्याग करतील, पेपरात फोटो येईल. राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेने संसदेला दिलाय. कलम ३. राष्ट्रपतींच्या शिफारशीने बिल आणायचं, संबंधित राज्यांच्या विधानसभांचं मत मागवायचं, खरं ते मत मानलंच पाहिजे असं नाही, आणि साध्या बहुमताने पास. तेलंगणाचं काय झालं आठवा. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने बिल फेटाळून लावलं, फेब्रुवारीत संसदेने ते पास केलं. आणि त्या लोकसभेत वेगळ्या तेलंगणासाठी लढणाऱ्या टीआरएस पक्षाचे निवडून आलेले खासदार होते किती, तर दोन. दोनच. बाकी रस्त्यावरचं आंदोलन आणि दिल्लीतल्या पक्षांची गरज, ह्या दोन गोष्टी एका वेळेला जुळून आल्या. म्हणजे जी निवडणूक आम्ही 'ही देशाची, हिच्यात सीमाप्रश्न नको' म्हणून बाजूला ठेवतो, तीच खरं तर आमची निवडणूक आहे. एक दार सुप्रीम कोर्टाचं, तिथं महाराष्ट्राने २००४ ला दावा टाकलाय, अजून चालूच आहे. दुसरं दार लोकसभा. तिसरं कुठलं मला तरी दिसत नाही.

पण लोकसभेत जायचं कसं? इथं नकाशा आडवा येतो. बेळगाव जिल्ह्यात १८ विधानसभा मतदारसंघ. त्यातले आठ बेळगाव लोकसभेत, आठ चिक्कोडीत आणि खानापूर, कित्तूर हे दोन कारवारला जोडलेले. मराठी पट्टा बघा आता. शहर आणि बेळगाव ग्रामीण एका खासदाराकडे, पण त्यांच्याबरोबर गोकाक, अरभावी, सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल. निपाणी आणि कडोलीकडची गावं दुसऱ्याकडे, त्यांच्याबरोबर अथणी, रायबाग, कुडची. खानापूर तिसऱ्याकडे, पार समुद्रापर्यंत. एका शाफ्टचे तीन तुकडे करून तीन वेगळ्या मशीनला लावावेत तसं, कुठल्याच चकमध्ये धरायला पुरत नाही. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, कित्येकजण म्हणतात, माझ्याकडे पुरावा नाही. पण झालंय ते असं आहे. आणि २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव नावाचा आख्खा विधानसभा मतदारसंघच गेला, समितीचा बालेकिल्ला होता तो, आता नवीन पोरांना उचगाव म्हटलं तर गाव माहिती आहे, मतदारसंघ माहिती नाही.

म्हणून आमच्या मोठ्यांनी लोकसभेचा वापर वेगळ्याच कामाला केला. जिंकता येत नाही ना, मग गर्दी करा. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. चारशे छप्पन. आजच्या पोरांना खोटं वाटतं. मी कॉलेजात होतो, आमच्या गल्लीतले पण उभे होते, एक पिठाच्या गिरणीवाले काका आणि एक शिंपी. डिपॉझिट तेव्हा ५०० रुपये, ते पण वर्गणी काढून भरलेलं. शिंपी काकांना आम्ही चिडवायचो, खासदारसाहेब पायजम्याची नाडी कधी देताय, आणि ते पण मजेत उत्तर द्यायचे की दिल्लीला जाऊन आलो की देतो. कुणालाच निवडून यायचं नव्हतं. दिल्लीत कुणीतरी विचारावं की ह्या बेळगावात नेमकं चाललंय काय, एवढाच उद्देश. त्या वर्षी देशात असं आणखी दोन ठिकाणी झालं, आंध्रात नलगोंड्याला पाण्यासाठी ४८० उमेदवार आणि तामिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३. देशभरात लोकसभेचे उमेदवार १३,९५२ झाले, इलेक्शन कमिशनला घाम फुटला.

दिल्लीने मग खरंच दखल घेतली. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेचं डिपॉझिट ५०० चं १०,००० केलं आणि अपक्षाला दहा सूचक लागतील असा नियम आणला. पुढच्या म्हणजे १९९८ च्या निवडणुकीत देशातले उमेदवार ४,७५० वर आले. आमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून संसदेने जर काही दिलं असेल तर ते एवढंच! २००९ च्या दुरुस्तीने डिपॉझिट २५,००० झालं. तरी २०१९ ला परत प्रयत्न झाला, बेळगावात ५७ उमेदवार, डाव असा की मशीनवर नावं मावायची नाहीत आणि कागदी मतपत्रिका काढावी लागेल. कमिशनने शांतपणे चार मशीन शेजारी शेजारी मांडली आणि मतदान घेतलं. आमच्या आईने मला बाहेर येऊन विचारलं, एवढी बटणं कशाला रे, घरात स्विचबोर्ड बसवायचाय काय.

हे सगळं करण्यात जिद्द होती, मी टिंगल करत नाही. गिरणीवाले काका लाठ्या खाल्लेले माणूस होते. पण १९९६ ची गंमत अशी की त्याच निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. भाजप १६१, काँग्रेस १४०, वाजपेयींचं सरकार तेरा दिवस टिकलं, आणि १ जूनला पंतप्रधान झाले एच. डी. देवेगौडा, म्हणजे साक्षात कर्नाटकाचे. जनता दलाचे ४६ खासदार. त्यातला एक आमचा, बेळगावचा, शिवानंद कौजलगी, त्या ४५६ जणांच्या गर्दीतून निवडून आलेला. एकेका खासदाराला भाव होता त्या लोकसभेत. आणि आमची सगळी ताकद मतपत्रिका लांब करण्यात गेलेली.

२०२४ ला तशीच वेळ थोडीफार परत आली होती. भाजपला २४०, त्यामुळे तेलुगू देसमच्या १६ जणांना आणि नितीशकुमारांच्या १२ जणांना किंमत आली. जुलैच्या बजेटमध्ये अमरावती राजधानीसाठी १५,००० कोटींची घोषणा झाली, बिहारला रस्ते मिळाले. मी बजेट ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एक आकडा फिरत होता. उद्धव ठाकरेंचे खासदार ९. एकनाथ शिंदेंचे ७. बेरीज करा. सोळाच होतात! जेवढे चंद्राबाबूंचे तेवढेच. आणि दोन्हीकडचे बेळगावचं नाव निघालं की छाती काढून बोलणारे, दोघेही म्हणणार बाळासाहेबांचा शब्द. पण नऊ विरोधी बाकावर आणि सात सरकारी बाकावर. सात लोक एनडीएत बसून बेळगावसाठी सरकार अडवतील असं कुणाला वाटतंय? आणि नऊ लोक ज्या काँग्रेसबरोबर बसलेत त्या काँग्रेसचं बंगळूरला सरकार आहे. आता तुम्हीच सांगा सीमाप्रश्नावर कोण कुणाला काय बोलणार. महाराष्ट्राचे एकूण ४८ खासदार, सहा मोठे पक्ष आणि सांगलीचे एक अपक्ष, ह्यातल्या कुणाच्याही प्रचारात बेळगाव नव्हतं. शिनोळीच्या वेल्डरला विचारलं, तिकडे सभेत काय बोलले आमच्याबद्दल? म्हणाला, "कांदा बोलले, संविधान बोलले, शक्तिपीठ रस्त्याचं बोलले. तुमचं काय ऐकलं नाही खरं."

त्यामुळे समितीची मतं घटली म्हणून गळे काढणाऱ्यांचं मला फार पटत नाही आणि प्रश्न संपला म्हणून नाचणाऱ्यांचं तर अजिबातच. मराठीत परिपत्रकं पाहिजेत ही मागणी काल होती, आज आहे, समितीला दहा हजार पण पडले नाहीत म्हणून नंदगडचा पोरगा घरी कानडी बोलायला लागला नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने तर १९६७ ला खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणून लिहिलं होतं, बेळगाव दिलं नाही म्हणून महाराष्ट्राने अहवालच नाकारला. त्या पोराच्या आजोबाच्या वेळची गोष्ट. पोराला हे माहिती नव्हतं, मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हणजे आम्ही तुमच्यासाठी थांबलोय होय?" मला काय बोलायचं सुचलं नाही, चहा सांगितला.

आता पुढचं. २०२६ नंतरच्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना होणार आहे, म्हणजे हा नकाशा परत टेबलावर येणार. उत्तर दक्षिण वादात सगळ्यांचं लक्ष असणार, कुणाच्या जागा वाढल्या कुणाच्या घटल्या, त्यात खानापूर कुणाला जोडलं हे बघायला कुणाला वेळ नसेल. पण पुनर्रचनेचा मसुदा आधी जाहीर होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी घेतात, सामान्य माणूस पण उभा राहून बोलू शकतो. मला वाटतं काळ्या दिनाला जेवढी माणसं निघतात त्याच्या निम्मी जरी कागदं घेऊन त्या सुनावणीला गेली, खानापूर, बेळगाव ग्रामीण, शहर, कडोलीकडचा भाग, निपाणी असा सलग पट्टा एका लोकसभेत द्या म्हणून, तर ते ४५६ अर्जांपेक्षा जास्त कामाचं होईल. जिंकू की नाही माहीत नाही. पण निदान राष्ट्रीय पक्षांना तिकीट देताना मराठी माणसाचा विचार करावा लागेल, आणि पुढच्या त्रिशंकू लोकसभेत आमचा म्हणून एक तरी माणूस आत असेल.

शॉपमध्ये हे बोललो. कडोलीवाला लगेच तयार, म्हणाला त्या दिवशी सुट्टी द्या, पगारी. नंदगडवाला म्हणाला गाडी काढा, बसने मी येणार नाही. टर्नर हसत होता, त्याला विचारलं, तुला काय झालं?

"मी पण येतो की मालक," म्हणाला, "सुनावणी सगळ्यांना असती म्हणता ना. खरं मी उलटं बोलणार हां."

म्हटलं बोल, पण पगारी सुट्टी घेऊन उलटं बोललास तर ओव्हरटाइम कापणार.